क्लासचे पैसे भरण्याआधी: ऑफिसात लागणारं इंग्रजी कसं शिकायचं

प्रश्न: माझी मुलगी नागपूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत काटोलला मराठी माध्यमात शिकली. कॉलेजात दोन कंपन्या आल्या. दोन्हीकडे लेखी परीक्षा पास झाली, पण इंग्रजी बोलण्याच्या फेरीत बाद झाली. सीताबर्डीतला एक क्लास सहा महिन्यांचे 28,000 रुपये सांगतो. लावावा का? आम्ही शेती करतो, घरात कोणालाच इंग्रजी येत नाही. त्याचाच हा परिणाम असेल का?
– एक आई, काटोल

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घरात इंग्रजी नाही म्हणून लेक मागे पडलेली नाही, हा भार मनावरून काढून टाका. दोनदा लेखी परीक्षा पास झाली म्हणजे तिला इंग्रजी वाचता येतं आणि कळतं. अडतं ते वेळेवर वाक्य तोंडातून निघायला, आणि ते सरावाने जमतं.

क्लासचं म्हणाल तर पैसे भरण्याआधी मुलीला तिथे एक तास नुसतं बसू द्या. घड्याळ लावून तिने एकच गोष्ट मोजावी: एक विद्यार्थी किती मिनिटं बोलला? 40 जणांच्या बॅचमध्ये शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. तेवढ्यात बोलणं सुटत नाही. बॅच दहा-बाराची असेल, बोलणं रेकॉर्ड करून चुका लिहून देत असतील आणि फी महिन्याच्या महिन्याला घेत असतील तर विचार करा. सहा महिन्यांची रक्कम एकदम मागत असतील तर घाई नको. 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल'वर भाषण पाठ करून घेणाऱ्या क्लासचा नोकरीला फारसा उपयोग होत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

कारण ऑफिसात लागणारं इंग्रजी फार मोठं नसतं. अकाउंट्सच्या नवीन मुलीला मुख्यतः चार कामं पडतात: मेल लिहिणं, काम कुठवर आलं ते साहेबांना दोन वाक्यांत सांगणं, कळलं नाही तर विचारणं, आणि फोनवर आकडे, नावं, तारखा बरोबर टिपणं. मिहानमधली आयटी कंपनी असो की बुटीबोरीचा कारखाना, सुरुवातीला गरज याचीच असते.

मेलपासून सुरुवात करू, कारण ते कागदावर दिसतं आणि सुधारता येतं. मुलं साधारण असं लिहितात: 'रिस्पेक्टेड सर, सॉरी टु डिस्टर्ब यू. अॅज यू टोल्ड मी यस्टरडे अबाउट द सेल्स फाइल, आय चेक्ड इट, बट सम बिल्स आर नॉट देअर, सो प्लीज डू द नीडफुल.' यात व्याकरणाची मोठी चूक नाही, तरी मेल निकामी आहे. कोणती फाइल, किती बिलं, काय करायचं, कधीपर्यंत, यातलं काहीच साहेबांना कळत नाही. ते उलट मेल करून विचारतात आणि अर्धा दिवस जातो. आता हे बघा. विषयाच्या ओळीत: 'जून सेल्स फाइल: टू इन्व्हॉइसेस मिसिंग'. खाली: 'डिअर सर, इन्व्हॉइस नंबर्स 114 अँड 127 आर मिसिंग फ्रॉम द जून सेल्स फाइल. कुड यू प्लीज सेंड देम बाय 4 पी.एम. टुमॉरो? आय नीड देम फॉर जीएसटीआर-1, विच इज ड्यू ऑन द इलेव्हन्थ.' तीनच वाक्यं आहेत: काय अडलं, काय हवं आणि कधीपर्यंत, कशासाठी. (जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र.)

आपण मराठीत बोलताना आधी हकिगत सांगतो, कारण सांगतो आणि शेवटी कामाचं बोलतो. समोरच्याचा मान राखायची ती आपली रीत आहे. ऑफिसच्या मेलमध्ये क्रम उलटा हवा, कारण वाचणारा पहिल्या दोन ओळी बघूनच ठरवतो की हे आत्ता वाचायचं की नंतर. मुलीला सांगा, मेल लिहून झाला की शेवटचं वाक्य उचलून पहिलं करून बघायचं. बहुतेक वेळा मेल तेवढ्यानेच सुधारतो.

दुसरी अडचण नम्रतेची. मराठीत आदर क्रियापदातच येतो: 'पाठव' आणि 'पाठवा' यात सगळं आलं. इंग्रजीत तशी सोय नाही. म्हणून 'सेंड मी द फाइल' हे आपल्या कानाला 'फाइल पाठवा' वाटतं, वाचणाऱ्याला मात्र तो हुकूम वाटतो. नुसतं 'प्लीज' लावून तो पुरता जात नाही. 'कुड यू' किंवा 'वुड इट बी पॉसिबल टु' असं प्रश्नाचं रूप लागतं. अशी पाच-सहा वाक्यं तोंडात बसली की पुष्कळ काम होतं.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल, तर न कळताही 'येस सर' म्हणण्याने. विचारलं तर आपल्याला इंग्रजी येत नाही असं वाटेल, ही भीती असते. मग काम चुकतं आणि नाव खराब होतं. त्यावर उपाय म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणायचं: 'सो यू नीड द टोटल्स बाय थर्सडे इव्हनिंग, इज दॅट राइट?' अर्धवट कळलं असेल तर कळलेला भाग म्हणायचा आणि उरलेलं विचारायचं: 'आय गॉट द डेट. कुड यू रिपीट द अमाउंट?' नुसतं 'पार्डन?' म्हटलं की समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि आपण तिथेच राहतो.

आकड्यांना वेगळा वेळ द्या. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून 'वन-फाइव्ह' किंवा 'फाइव्ह-झिरो' असं म्हणून खात्री करून घ्यायची. 12 लाख म्हणजे 1.2 मिलियन, 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, हे विचार न करता यायला हवं. 04/05 ही तारीख आपल्यासाठी 4 मे, अमेरिकेतल्या माणसासाठी 5 एप्रिल. म्हणून महिना नेहमी अक्षरात लिहायचा.

आता बोलण्याच्या फेरीबद्दल. काही ठिकाणी ती संगणकावर होते. वाक्य ऐकू येतं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, विस्कटलेले तुकडे जोडून वाक्य करायचं, छोटी गोष्ट ऐकून सांगायची. 'परत म्हणा' या भागात मुलं एकेक शब्द लक्षात ठेवायला जातात आणि आठ-दहा शब्दांनंतर धागा सुटतो. वाक्य तुकड्यांनी ऐकायची सवय हवी: 'द मॅनेजर / हू जॉइन्ड लास्ट मंथ / वॉन्ट्स द रिपोर्ट / बाय फ्रायडे'. दहा-अकरा शब्द ध्यानात धरण्याऐवजी चार तुकडे धरायचे. यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा ऐकायचा कार्यक्रम चांगला आहे. तो फुकट आहे आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो. काटोलहून एसटीने येता-जाता एक भाग दोनदा ऐकायचा. घरी आल्यावर त्यातली दहा वाक्यं थांबवून थांबवून मोठ्याने म्हणायची आणि मग मजकुराशी ताडून बघायची.

परदेशी उच्चारांची नक्कल करायची गरज नाही. जोर मात्र योग्य अक्षरावर पडायला हवा. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो. 'डेव्हलप'मध्ये (डि-व्हे-लप) जोर 'व्हे'वर, 'कम्पोनंट'मध्ये 'पो'वर. 'फिल' आणि 'फील' वेगळे ऐकू यायला हवेत. आणखी एक खास आपल्या भागातली गोष्ट. 'मी करून राहिली', 'तो जाऊन राहिला' असं आपण दिवसभर बोलतो. तीच सवय इंग्रजीत 'आय अॅम हॅविंग', 'आय अॅम नोइंग' होऊन येते. आपल्या बोलीत काहीही वाईट नाही. पण 'हॅव', 'नो', 'वॉन्ट', 'अंडरस्टँड' या चार क्रियापदांना असा 'इंग' सहसा लावायचा नाही, एवढं पाठ करून टाकायचं.

मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' हा प्रश्न येतोच. 'मायसेल्फ अमुक, माय फादर इज अ फार्मर' अशी पाठ केलेली ओळख नको. वडिलांची शेती सांगण्यात कमीपणा मुळीच नाही, पण समोरच्याला मुलीला काय काम येतं ते ऐकायचं असतं. साठ ते पंचाहत्तर सेकंद: काय शिकते आहे, कोणतं काम स्वतः केलं आहे (टॅलीवर नोंदी, एक्सेलचं शीट, प्रकल्प), आणि ही नोकरी का हवी. शब्दशः पाठ केलं की मधला एक शब्द विसरल्यावर सगळंच कोसळतं. म्हणून चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे आणि दर वेळी वाक्यं नवी करायची.

हे सगळं बसवायला मी बारा आठवडे धरते: आठवड्यात पाच दिवस, रोज चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटं ऐकून परत म्हणणं, पंधरा मिनिटं बोलणं, दहा मिनिटांत एक मेल. बोलायला विषय आपल्या अभ्यासातला घ्यायचा. जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं सारांश विवरणपत्र) यांत फरक काय, हे तिला मराठीत नीट सांगता येत असेल तर इंग्रजीत फक्त शब्द शोधावे लागतील, मुद्दे शोधावे लागणार नाहीत. एक मिनिट बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, एकच चूक निवडायची आणि तेच पुन्हा बोलायचं. एका वेळी पाच चुका धरल्या की जीभ अडखळते. चौथ्या आठवड्यापर्यंत फरक जाणवत नाही आणि बरेच जण तिथेच सोडतात. म्हणून पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा.

आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या तीन मैत्रिणी सोबत घ्याव्यात. एक साहेब, एक नवीन कर्मचारी, एक ग्राहक, चौथीने फक्त टिपणं घ्यायची. दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या. बोलणारीला मध्ये थांबवून चूक सुधारायची नाही, संपल्यावर सांगायची. ग्रुप डिस्कशनचा सरावही इथेच होतो. तिथे सर्वांत मोठ्याने बोलणं कामाचं नाही. आधीच्या मुलीचा मुद्दा धरून पुढे नेणं, आणि गप्प बसलेल्या एखादीला 'व्हॉट डू यू थिंक?' असं विचारणं, या दोन गोष्टी नीट जमल्या तरी परीक्षकाच्या नजरेत येतं.

घरी तुम्ही इंग्रजी बोलायची काहीच गरज नाही, ताई. रात्री तिचं त्या दिवसाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग ऐका आणि विचारा, 'यात काय सांगितलंस ते मराठीत सांग.' तिला सरळ सांगता आलं तर इंग्रजीतही मुद्दा जागेवर होता. गोंधळली तर मुद्दाच पक्का नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय परत घ्यायचा. या बारा आठवड्यांत आणखी एखादी कंपनी आली तर तिने जरूर बसावं. बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून ठेवावेत आणि पुढच्या आठवड्याच्या सरावाला तेच घ्यावेत.