हा ‘फॉरेनचा’ आजार आमच्या घरात कसा?

प्रश्न : माझा पुतण्या २२ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बरेच महिने संडासवाटे रक्त पडत होतं, मूळव्याध असेल म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणून लावत बसला. आता कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालंय. घरात कुणालाच नाही, सासूबाई म्हणतात बाहेरचं खाऊन झालं, दीर म्हणतात हा फॉरेनचा आजार. माझ्या मुलांनाही होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फॉरेनचा वगैरे काही नाही, आपल्याकडेही होतो. आतड्याला दीर्घकाळ सूज राहते त्या आजारांना आयबीडी म्हणतात, त्यात मुख्य दोन येतात, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आणि क्रोन्स (ही सूज आतड्यात कुठेही येऊ शकते), आणि हे गोऱ्यांचेच आजार असं डॉक्टरसुद्धा बरीच वर्षं धरून चालले होते. मग १९९९ मध्ये पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी झाली तेव्हा लाखामागे ४४ जणांना कोलायटिस निघाला. तोच दर तुमच्या जिल्ह्याला लावला तर २८ लाखांत हजारावर पेशंट होतात, अंदाजच आहे हा, पण दुर्मिळ म्हणण्यासारखा आकडा नाही ना! तिकडे इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या आपल्या लोकांत तर कोलायटिस गोऱ्यांपेक्षा जास्त सापडला होता.

वय म्हणाल तर पुतण्या अगदी त्याच वयात आहे, बहुतेकांना १५ ते ३५ मध्येच सुरू होतो, मुलगा-मुलगी असा फार फरक नाही. आणि या वयात रक्त दिसलं की सगळे मूळव्याधच म्हणतात, मुलं लाजून घरी सांगत नाहीत, त्यात महिने जातात. क्रोन्सचं तर आपल्याकडे अजून अवघड, तो आतड्याच्या टीबीसारखाच दिसतो, त्यामुळे कित्येकांना आधी एकेटीचा, म्हणजे टीबीच्या औषधांचा, कोर्स होतो, मग कळतं.

सासूबाईंना सांगा, एका वडापावने हा होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, त्यात थोडा आनुवंशिक भाग, थोडा राहणीमानाचा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ताट वेगळं ठेवू नका.

तुमची मुलं चुलत भावंडं, त्यांची काळजी नको. सख्ख्या भावंडांना धोका थोडा जास्त, पण त्यातही बहुतेकांना होत नाहीच, उगाच स्कोपी करत सुटू नका. कुणाला रक्त पडलं, किंवा जुलाब महिनाभर थांबेनात, वजन उतरायला लागलं, तर मात्र ट्यूब न आणता पोटाच्या डॉक्टरकडे जा, ते आधी स्टूलची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी) सांगतील.