कुक पाइनचं, म्हणजे त्या ख्रिसमस ट्रीसारख्या दिसणाऱ्या उंच शोभेच्या झाडाचं, बी रुजवायचंय ना?

अगं, तू गोळा केलेली लांबट, तपकिरी शेपटं हे नरशंकू. त्यात नुसते परागकण, बी नसतंच. बी धरतं मादीशंकूत, आणि तो येतो थेट शेंड्याजवळ. पिकला की बहुतेकदा वरच त्याचे खवले सुटे होऊन गळतात, म्हणून अख्खा शंकू शोधत फिरू नकोस. झाडाखाली पंखासारखे पातळ खवले पडलेले असतात, ते वेच. एका खवल्याला एकच बी, तेही त्याला चिकटलेलं, सोलायचं नाही. मधला भाग चिमटीत दाब. टणक लागला तर ठेव, चपटला तर पोचट. पोचटच फार निघतात, खट्टू होऊ नकोस.

बंगळूरच्या लालबागेतून आणणार असशील तर आधी तिथल्या माणसांना विचार. हैदर अलीने १७६० मध्ये लावायला घेतलेली बाग आहे ती, तिचा मान राखायला हवा. बी ओलसर फडक्यात गुंडाळ, रात्रीच्या गाडीने बेळगावला पोचलीस की लगेच पेर. फार दिवस ठेवू नकोस. आपली तांबडी माती एकटी वापरू नकोस, पावसात चिकट होते. वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळ. बी आडवं ठेवून वर जेमतेम माती घाल. बी पेरलेल्या पिशव्या पागोळ्यांखाली मात्र नकोत.

आणि आडव्या फांदीची काटकी लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. ती जगली तरी आडवीच वाढते, सरळ उभं झाड होत नाही. बियाचं झाडही आपल्याकडे दक्षिणेकडे थोडं कलतं. काठी बांधून ओढू नकोस, त्याचा स्वभावच तो.