वाचकांचे प्रश्न : ‘होकुतोसेई’ ही रातगाडी का बंद झाली?

प्रश्न : तोक्योतील उएनो स्थानक आणि होक्काइदो बेटावरील सापोरो यांच्या दरम्यान धावणारी ‘होकुतोसेई’ ही शयनयान गाडी २०१५ साली बंद झाली, असे वाचनात आले. विमानप्रवास सोयीचा झाल्यामुळे ती बंद पडली, असे काही जण सांगतात, तर काही जण शिंकान्सेनला, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनला, जबाबदार धरतात. यात खरे काय? त्या गाडीचे डबे आज कोठे पाहता येतात का?

उत्तर : दोन्ही कारणांत तथ्य आहे, परंतु विमानाचे कारण अपुरे आहे. होकुतोसेई सुरू झाली तेव्हाही तोक्यो ते सापोरो विमानप्रवास सुमारे दीड तासाचा होता आणि बहुसंख्य प्रवासी विमानानेच जात असत. विमानाशी वेगाची बरोबरी करण्याचा विचार या गाडीमागे कधीच नव्हता, आणि तरीही ती सत्तावीस वर्षे धावली. तिचे आयुष्य खऱ्या अर्थाने बांधले गेले होते ते सेइकान बोगद्याशी.

हा बोगदा होण्यापूर्वी होन्शू आणि होक्काइदो या बेटांमधील त्सुगारू सामुद्रधुनी रेल्वेच्या जहाजांतून ओलांडावी लागे. प्रवासी आओमोरीला गाडीतून उतरत, जहाजात बसत आणि सुमारे चार तासांनी हाकोदातेला पोहोचून पुढची गाडी पकडत. १९५४ साली ‘तोया मारू’ हे जहाज वादळात बुडून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि समुद्राखालून रेल्वेमार्ग नेण्याच्या मागणीला त्या दुर्घटनेने मोठे बळ दिले. ५३.८५ किलोमीटर लांबीचा हा बोगदा १३ मार्च १९८८ रोजी खुला झाला, आणि त्याच दिवशी होकुतोसेईची पहिली फेरी निघाली. तोक्योहून निघालेला प्रवासी डबा न बदलता थेट सापोरोला उतरू शकतो, ही गोष्ट तोवर शक्यच नव्हती.

सुमारे १२१५ किलोमीटरच्या या प्रवासाला सोळा तासांच्या आसपास वेळ लागे. शेवटच्या वर्षांत गाडी सायंकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी उएनोहून सुटत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला सापोरोला पोहोचत असे. वाटेत आओमोरी आणि हाकोदाते येथे इंजिन बदलले जाई व दोन्ही ठिकाणी गाडीची दिशा उलटी होई. बोगद्यातून ‘ईडी ७९’ हे विजेचे इंजिन ती ओढत असे, तर हाकोदातेच्या पुढे जोडीने लावलेली दोन डिझेल इंजिने. साध्या दुमजली शायिकांपासून स्वतंत्र स्नानगृह असलेल्या ‘रॉयल’ खोलीपर्यंत सर्व प्रकारची सोय होती, आणि ‘ग्रां शारियो’ या भोजनयानात आधी आरक्षण केल्यास पूर्ण फ्रेंच जेवण मिळत असे. प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी दहा वाजता तिकीटविक्री सुरू होई आणि त्या मोजक्या खोल्यांसाठी मोठी चढाओढ लागे. वेळ वाचवणे हेच प्रवासाचे एकमेव मूल्य नाही, हे या गाडीने आपल्या काळात निर्विवादपणे दाखवून दिले, असे आमचे मत आहे.

ऱ्हास मात्र हळूहळू झाला. तोक्योहून उत्तरेकडे जाणारी तोहोकू शिंकान्सेन २००२ साली हाचिनोहेपर्यंत आणि २०१० साली शिन-आओमोरीपर्यंत वाढली, तसतसे तिला समांतर असलेले जुने मार्ग स्थानिक कंपन्यांकडे गेले आणि प्रत्येक कंपनीचे भाडे वेगळे धरले जाऊ लागल्याने तिकीट महागले. सुरुवातीच्या जाण्यायेण्याच्या गाड्यांच्या तीन जोड्या कमी होत २००८ मध्ये एकच जोडी उरली. डबेही जुने झाले होते.

निर्णायक घाव बोगद्यातूनच आला. सेइकान बोगदा मुळातच शिंकान्सेनच्या मापाने खोदलेला होता. होक्काइदो शिंकान्सेनच्या अधिक रुंद मार्गासाठी तेथे तिसरा रूळ टाकण्यात आला आणि विद्युतदाब २० हजारांवरून २५ हजार व्होल्ट करण्याचे ठरले, ज्यावर जुनी इंजिने चालू शकत नव्हती. शिवाय शिंकान्सेनच्या चाचण्यांसाठी रात्रीचेच तास हवे होते. नियमित फेऱ्या मार्च २०१५ मध्ये थांबल्या, ठरावीक दिवशीच्या विशेष फेऱ्या उन्हाळ्यापर्यंत चालल्या, आणि शेवटची गाडी २३ ऑगस्ट २०१५ रोजी उएनोला पोहोचली. पुढच्या वर्षी २६ मार्चला शिंकान्सेन शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत सुरू झाली.

तांत्रिकदृष्ट्या मार्ग पूर्णपणे बंद झाला होता असे नाही. मालगाड्यांसाठी तयार केलेल्या नव्या इंजिनांच्या मदतीने ‘कासिओपिया’ या भगिनी गाडीच्या काही पर्यटन सहली त्यानंतरही बोगद्यातून गेल्या. परंतु रोजच्या रातगाडीसाठी नवी इंजिने आणि नवे डबे घेणे आर्थिक अडचणीत असलेल्या होक्काइदोच्या रेल्वे कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून शिंकान्सेनने ही गाडी बंद पाडली, असे म्हणण्यापेक्षा बोगद्याचे रूपांतर झाले आणि त्यात रातगाडीसाठी खर्च करण्याची कोणाची तयारी नव्हती, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

होक्काइदोतील होकुतो शहरात मोहेजी स्थानकाजवळ होकुतोसेईचे दोन डबे जतन केलेले आहेत. भंगारात जाण्याऐवजी ते नागरिकांनी जमवलेल्या निधीतून तेथे आणले गेले आणि पुढे त्यांत मुक्कामाची सोयही करण्यात आली.