पोयाकची वाइन, माहीमचे कपाट

प्रश्न : माझे वडील व्यापारी जहाजांवर मरीन इंजिनिअर होते. १९७९ साली फ्रान्समधील बोर्दो बंदरात त्यांनी त्याच भागातील पोयाक गावच्या, १९७५ सालच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या घेतल्या. तेव्हापासून त्या आमच्या माहीमच्या घरी, तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीतील लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आडव्या पडून आहेत. एका बाटलीत वाइन मानेच्या बुडापर्यंत आहे. दुसरीत ती खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असून तिच्या लेबलवर बुरशीचे डाग पडले आहेत. येत्या डिसेंबरात वडिलांना ८० वर्षे पूर्ण होतील, तेव्हा त्यांच्यासमोर बाटली उघडण्याचा विचार आहे. इतकी जुनी वाइन पिण्यास हरकत नाही ना? कोणती उघडावी, कशी उघडावी आणि चव घेताना नेमके काय पाहावे? एका परिचितांच्या मते विकल्यास लाखो रुपये मिळतील.
– एक वाचक, माहीम

उत्तर : विक्रीचा विषय आधी बाजूला ठेवतो. जुन्या वाइनला भाव मिळतो तो वर्षाइतकाच ती कुठे व कशी राहिली याच्या खात्रीला, आणि मुंबईतील लोखंडी कपाट ही खात्री कोणत्याही खरेदीदाराला पटणार नाही. आपण ती घरीच उघडावी, हे उत्तम.

प्रकृतीची भीती बाळगण्याचे कारण नाही. साधारण बारा टक्के मद्यार्क आणि चांगलीच आंबट अशा द्रवात रोगजंतू तग धरत नाहीत. वाइन बिघडते तेव्हा ती बेचव होते, विषारी होत नाही.

लोणचे मुरते तशी वाइनही मुरते, पण लोणच्याप्रमाणेच तिलाही बरणी आणि जागा मानवावी लागते. द्राक्षाच्या साली व बिया यांतून उतरलेली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये आणि सालींमधील रंगद्रव्ये ही वर्षानुवर्षे एकमेकांत गुंफत जातात, जड होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणूनच तरुणपणी जांभळट-काळी दिसणारी वाइन उतारवयात विटकरी होते आणि कच्च्या सुपारीसारखा जिभेला ओढणारा तिचा तुरटपणा मऊ पडतो. हे सारे बारा ते चौदा अंश तापमानात संथपणे व्हायचे असते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेच काम फार घाईने होते, आणि घाईने मुरलेल्या वाइनमध्ये सुगंधाऐवजी शिजवल्याचा वास उरतो. आपली खोली तळमजल्यावरची आणि अंधारी आहे, बाटल्या आडव्या आहेत, ही जमेची बाजू. शिवाय पोयाकच्या वाइनमध्ये काबर्ने सोव्हिन्यों या जाड सालीच्या द्राक्षाचा भर असतो आणि १९७५ च्या बोर्दो वाइन तर त्यांच्या कणखर तुरटपणासाठीच ओळखल्या जातात. एखाद्या नाजूक वाइनने अशा कपाटात केव्हाच मान टाकली असती.

दोन बाटल्यांपैकी मानेच्या बुडापर्यंत भरलेली उघडावी. चार दशकांहून अधिक काळात बुचातून थोडी वाइन उडून जाणारच. खांद्याच्या वरच्या कडेपर्यंतची घट या वयात स्वाभाविक समजतात. मध्यापर्यंत उतरलेल्या बाटलीत मात्र तेवढी हवा शिरलेली असते. लेबलवरच्या बुरशीला दोष देऊ नये. दमट हवेत बूच वाळत नाही, त्यामुळे ती एका परीने चांगलीच खूण आहे. बुचाच्या वरच्या आवरणाखालून चिकट ओघळ आलेला असेल किंवा बूच वर उचलले गेले असेल, तर मात्र उष्णतेने फुगून वाइन बाहेर आली होती असे समजावे.

काही वर्षांपूर्वी परळला एका स्नेह्यांकडे आम्ही सहा जणांनी एकाच लाकडी पेटीतून निघालेल्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या एकापाठोपाठ उघडल्या. पहिलीचा वास ग्लास तोंडाशी नेण्याआधीच आला : खारीक, जुन्या तंबाखूचा डबा, पहिल्या सरीनंतरची माती. दुसरी नुसते आंबट, तपकिरी पाणी होती. दोघींच्या पातळीत दोन बोटांचा फरक होता, तो आम्ही उघडण्यापूर्वी पाहिलाही नव्हता. तेव्हापासून जुन्या वाइनविषयी मी वर्षावरून काही बोलत नाही. बाटली हातात घेऊनच बोलतो. आपणही दुसरी बाटली हाताशी ठेवावी, पण तिच्याकडून आशा ठेवू नये.

उघडण्याच्या दोन दिवस आधी बाटली उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मुंबईत हे फ्रिजमध्ये केलेले बरे. मात्र वाढण्याच्या तासभर आधी बाटली न हलवता बाहेर काढावी. सोळा ते अठरा अंश हे योग्य तापमान. परदेशी पुस्तकांतील ‘खोलीचे तापमान’ आपल्या खोलीचे नव्हे. आवरण पूर्ण काढून बाटलीचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे. इतके जुने बूच नेहमीच्या स्क्रूने भुसभुशीत होऊन आत पडते; त्यासाठी दोन पातळ पात्यांचा चिमटा मिळतो, तो बूच आणि काच यांच्यामध्ये डोलवत उतरवायचा आणि मग पिळत वर ओढायचा. तो न मिळाल्यास लांब स्क्रू अगदी सावकाश फिरवावा. तरीही बूच मोडलेच, तर साबणाचा वास नसलेल्या स्वच्छ मलमलीतून वाइन गाळून घ्यावी. हळहळत बसण्याइतके त्यात काही नाही.

नंतर बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरून एका दमात, हात न थांबवता, वाइन काचेच्या चंबूत ओतावी आणि मानेत गाळाची काळी रेघ दिसताच थांबावे. तळाची दोन बोटे वाइन सोडून द्यावी लागते. ती वाचवण्याच्या मोहात सगळा चंबू गढूळ होतो. तरुण वाइन तास-दोन तास हवेवर ठेवतात, तशी ही ठेवू नये. म्हाताऱ्या वाइनचा सुगंध कधी अर्ध्या तासातच उतरतो. पाहुणे बसले की मगच ओतावी.

चव घेताना ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. विटकरी कडा आणि मध्ये उरलेली लाली ही जिवंतपणाची खूण; सगळा रंग चहासारखा असेल तर आशा कमी. पहिला वास बंद पेटीसारखा कोंदट आला तरी दहा मिनिटे थांबावे, बहुधा तो जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही, उलट वाढतो. तो बुचातील दोष, साठवणुकीचा नव्हे. व्हिनेगरची झणझण किंवा शेरी या स्पॅनिश वाइनसारखा वास आला तर हवेने घात केला असे समजावे. घोट घेतल्यावर फळाची गोडी शोधू नये; ती केव्हाच सरली. जांभळाच्या जागी आता आमसुलाची आंबट झाक, वाळक्या पानांचा, अळंबीचा गंध आणि गिळल्यानंतर मागे रेंगाळणारी चव एवढेच पाहावे. ती किती वेळ रेंगाळते हे घड्याळ न पाहताही कळते. सोबत मसालेदार काही नको. कमी तिखटाचे, मीठ-मिरीत भाजलेले मटण पुरे. आणि पहिला घोट वडिलांना घेऊ द्यावा, कारण १९७९ ची चव त्यांनाच ठाऊक असेल.

प्रश्न : नाशिकची रेड वाइन अशीच वीस वर्षे ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. नाशिकच्या बहुतेक रेड दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनवतात, आणि त्या वयात त्या चांगल्या लागतात. बॅरलमध्ये मुरवलेली एखादी ‘रिझर्व्ह’ आणखी काही वर्षे टिकेल, पण वातानुकूलित कपाटात. स्वयंपाकघरातील माळ्यावर तिचा एक उन्हाळाही धड जाणार नाही.