गळतीचा आकडा मोजला कुणी?

प्रश्न : स. न. वि. वि. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, नाशिक महापालिकेने ‘आयएसओ ३७१२०’ हे आंतरराष्ट्रीय मानक घ्यायला हवं. स्मार्ट सिटी योजना तर संपली. आता या मानकाने आमच्या गल्लीत काय फरक पडणार? कार्यालयाच्या दारावर आणखी एक पाटी, एवढंच ना?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. ‘आयएसओ मानांकित’ अशा पाट्या आपण ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत पाहतो. त्या सहसा ९००१ च्या असतात, म्हणजे कामाची पद्धत आणि नोंदी ठीक आहेत की नाही ते बघणाऱ्या. ३७१२० चं काम निराळं. २०१४ च्या पहिल्या आवृत्तीत १०० निर्देशक होते, ४६ मुख्य आणि ५४ पूरक. पाणी, कचरा, हवा, अग्निशमन यांतलं काय मोजायचं, कसं मोजायचं आणि कशाने भागायचं, एवढंच त्यात आहे. पास-नापास नाही. पाण्याची किती गळती चालेल हे ते मानक सांगत नाही. गळती मोजा म्हणतं.

पाणीपुरवठ्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून पाण्याचंच सांगतो. सुरुवातीला मी एका छोट्या नगरपालिकेत होतो. वार्षिक अहवालात गळतीच्या रकान्यात दरवर्षी तोच आकडा. दोन वर्षं मीही तो उतरवला. तिसऱ्या वर्षी विचारलं, हा मोजला कुणी? जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर मीटरच नव्हता. पंप किती तास चालला यावरून पाणी किती सुटलं ते धरायचं. घरच्या नळांनाही मीटर नाहीत, तेव्हा पोचलं किती हे कुणालाच ठाऊक नाही. तरी रकाना भरलेला. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

परदेशी मानक येईपर्यंत थांबायची गरजही नव्हती. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ सालीच पाणी, सांडपाणी, कचरा आणि पावसाळी गटारं यांसाठी २८ निर्देशक दिले होते. उद्दिष्टंही दिली होती: माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, हिशेबाबाहेर जाणारं पाणी (गळतीसकट) २० टक्क्यांपर्यंत. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: प्रत्येक आकड्याला तो किती विश्वासाचा याची अ ते ड अशी श्रेणी द्यायची. माझा तो आकडा सरळ ‘ड’ होता.

नाशिकपुरत्या दोन अडचणी मात्र आहेत. ३७१२० मध्ये वर्षाला घरटी पाणी किती तास बंद राहिलं तेही मोजतात. पण नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर उरलेले तास ‘बंद’ धरायचे का? माझ्या मते धरावेत, आकडा कितीही वाईट दिसला तरी. दुसरं म्हणजे सिंहस्थ. बरेच निर्देशक दर लाख लोकसंख्येमागे असतात. २०२७ मध्ये भागायला नाशिककर घेणार की गोदाकाठी उतरलेले भाविकही? हे आधीच ठरवून छापलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षाशी तुलनाच होणार नाही.

स्मार्ट सिटी योजनेत नाशिकची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली, योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. त्यात झालेला त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा रस्ता सगळ्यांना दिसतो. जमिनीखालचा मीटर दिसत नाही, त्यामुळे त्याचा आग्रह आपल्यालाच धरावा लागेल.

तुमच्या गल्लीचं म्हणाल, तर विभागीय कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज द्या. दोनच गोष्टी विचारा. आमच्या जलकुंभातून बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर मीटर आहे का? आणि तो अचूक चालतो का, याची तपासणी शेवटची कधी झाली? अर्ज नातवाकडून लिहून घ्या, उत्तराची प्रत मला पाठवा. आकडे आपण तिघं मिळून वाचू.