38 हजारांचा एकच ड्राइव्ह, तोही ईएमआयवर? दादा, जरा थांबा

चिपळूणच्या एका वाचकाने विचारलंय, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, नवीन डेस्कटॉप बांधतोय, दुकानदाराने 4 टीबी जेन4 एनव्हीएमईचं (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी, जेन4 म्हणजे चौथी पिढी) 38 हजारांचं कोटेशन दिलंय, विंडोज, चालू प्रोजेक्ट, जुनी लग्नं सगळं त्याच्यावरच, 12 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय आहे, घेऊ का?

माझं मत, नका घेऊ. ईएमआय जूनपासून सुरू होईल आणि आपल्याकडे मे संपला की लग्नं संपतात, मग तुळशीच्या लग्नापर्यंत हातात फारसं काही येत नाही, म्हणजे ऐन पावसाळ्यातले पाच-सहा हप्ते बचतीतूनच जाणार, आणि नो कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच माथी बसतो.

आता स्पीडचं बघू. तुमचं 4के फुटेज 100 एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटचं आहे ना, आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला 45 जीबी. साधी सॅटा एसएसडी (केबलने जोडायची जुन्या पद्धतीची) सेकंदाला 500 च्या वर एमबी वाचते, तिच्यावर तीन-चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम, म्हणजे सगळ्यांचं फुटेज एकदम लावून एडिट करणं, आरामात चालतं, त्यामुळे जेन4 च्या सेकंदाला 7000 एमबीसाठी जास्त पैसे मोजून टाइमलाइनवर काही फरक जाणवणार नाही, आणि विंडोज सुरू व्हायला जेन3 आणि जेन4 मध्ये जेमतेम सेकंदाचा फरक.

म्हणून बूटला, म्हणजे मशीन सुरू व्हायला, 500 जीबीची जेन3 एनव्हीएमई घ्या, त्यात फक्त विंडोज आणि सॉफ्टवेअर, उद्या विंडोज उडालं तरी कामाला धक्का नाही. जुन्या लग्नांसाठी 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक मशीनमध्ये आणि दुसरी बाहेरची. चालू कामाला 1 टीबी एसएसडी. त्याच दुकानातून या सगळ्याचे भाव काढा आणि बजेटबाहेर गेलं तर 1 टीबी एसएसडी दिवाळीनंतर घ्या, दुसरी हार्ड डिस्क मात्र कापू नका.

यावर मी एवढा अडून बसतोय कारण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या एका फोटोग्राफर क्लायंटचा कॉम्प्युटर पाण्याखाली गेला, मशीनचे पैसे विम्यातून मिळाले पण तीन गिऱ्हाइकांचं फुटेज कायमचं गेलं आणि त्यांचे अ‍ॅडव्हान्स त्याला खिशातून परत द्यावे लागले. दुकानदार रेड 1 सुचवेल, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा एकदम लिहिण्याची सोय, पण त्यात दोन्ही डिस्क एकाच डब्यात, पाणी आलं की दोन्ही जाणार. तुमची बाहेरची डिस्क उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि दर लग्नाला आणून कॉपी मारा, कंटाळा येतो पण कराच.

वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या, पावसात लाइट जाते-येते तेव्हा लिहिताना ड्राइव्ह बंद पडला की फाइल खराब होऊ शकते. बिल पक्कं घ्या, वॉरंटीला लागतंच आणि जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटही मिळेल.

ऑर्डर देण्याआधी मदरबोर्डवर एम.2 स्लॉट (एनव्हीएमई बसवायच्या खाचा) किती आहेत ते बघून कळवा, एकच असेल तर 1 टीबीवाली सॅटा घ्यावी लागेल.