न्यूयॉर्क पुढे, फिलाडेल्फिया मागे : अँटेना कोणीकडे रोखावा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील प्लेन्सबरो येथे दुमजली टाउनहाउसमध्ये राहतो. केबलचे बिल परवडेनासे झाल्यामुळे खिडकीच्या काचेला चिकटवायचा चपटा अँटेना आणला आणि त्याला चार ट्यूनरचा (एका वेळी चार वाहिन्या पकडणारा) डीव्हीआर, म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारे यंत्र, जोडला. काही वाहिन्या रात्री बऱ्या दिसतात. परंतु रेकॉर्डिंग पाहताना चित्र गोठते, त्याच्या चौकटी होतात आणि आवाज तुटतो. डीव्हीआर बदलावा का? मुलाला ईगल्सचे (फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे) सामने हवे असतात, तर मला न्यूयॉर्कच्या बातम्या. बाहेर अँटेना लावण्यास आमच्या घरमालकांच्या असोसिएशनची मनाई आहे. शिवाय पुढेमागे पुण्याला परतलो, तर हा डीव्हीआर तेथे चालेल का?
— एक वाचक, प्लेन्सबरो

उत्तर : डीव्हीआर बदलू नका; त्याचा यात बहुधा काहीही दोष नाही. असे बहुतेक डीव्हीआर मनोऱ्याकडून आलेला डिजिटल प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवतात, त्यामुळे हवेतून येताना जे गळाले ते रेकॉर्डिंगमध्येही गळालेलेच राहते. आपल्या पिढीला टीव्हीवरच्या ‘मुंग्या’ आठवत असतील. अ‍ॅनालॉग काळात संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरीही बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू येई. अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले आणि ती मधली अवस्थाही संपली. आता संकेत पुरेसा असेल तर चित्र निर्दोष दिसते. त्या मर्यादेखाली गेला की चित्रच नाहीसे होते. तुमचे घर नेमके त्या मर्यादेच्या काठावर आहे, आणि काठावरच्या संकेताला ओली पाने किंवा शेजारचा एखादा निकृष्ट चार्जरसुद्धा खाली ढकलू शकतो.

याचे कारण नकाशावर दिसते. न्यूयॉर्कची मुख्य केंद्रे एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर येथून प्रक्षेपण करतात. ही ठिकाणे तुमच्या ईशान्येला सुमारे ४० मैलांवर आहेत. फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरो भागात, तुमच्या नैर्ऋत्येला किंचित पश्चिमेकडे आणि जवळजवळ तितक्याच अंतरावर आहेत. काचेवरच्या चपट्या अँटेनाकडून ६०-६५ किलोमीटरवरच्या संकेताची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, त्यातही उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असलेल्या काचेमागून तर अधिकच.

मात्र दोन्ही शहरे जवळजवळ परस्परविरुद्ध दिशांना आहेत, ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे. फुलपाखराच्या आकाराच्या चार जोड्यांचा जो अँटेना मिळतो, त्याच्या मागची परावर्तक जाळी काढून टाकली की तो पुढून आणि मागून सारखाच ग्रहण करतो. एका दिशेची ताकद त्यामुळे निम्म्यावर येते, परंतु अँटेना फिरवण्याची गरज उरत नाही. तेवढी ताकद पुरेशी ठरली नाही, तर दोन अँटेना घ्यावेत. ते साध्या स्प्लिटरने (एका केबलचे दोन फाटे करणाऱ्या जोडाने) उलटे जोडून एकाच केबलवर आणण्याचा मोह टाळावा, कारण एकाच वाहिनीचा संकेत दोन्ही अँटेनांतून थोड्या वेगळ्या वेळी येतो आणि चांगला संकेतही बिघडतो. घरच्या नेटवर्कवर चालणारे दोन स्वतंत्र ट्यूनर घेऊन प्रत्येकाला एक अँटेना द्यावा आणि दोहोंची यादी डीव्हीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावी, हा मार्ग खर्चिक असला तरी माझा कल त्याकडेच आहे.

पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर विसंबू नका. न्यूयॉर्कची २ क्रमांकाची वाहिनी प्रत्यक्षात यूएचएफ या जास्त वारंवारतेच्या पट्ट्यातील ३६ वर येते. ७ आणि ११ मात्र खरोखरच व्हीएचएफ या कमी वारंवारतेच्या पट्ट्यावरच्या ७ आणि ११ आहेत. ३६ साठी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा दांडा पुरतो, तर ७ साठी सुमारे ८५ सेंटिमीटर लागतो. म्हणून फुलपाखरू अँटेनासोबत व्हीएचएफचे लांब दांडे असलेला नमुनाच निवडावा. फिलाडेल्फियाची ६ क्रमांकाची वाहिनी तर प्रत्यक्षातही ६ वर आहे. तिला जवळजवळ पावणेदोन मीटर रुंदीचा अँटेना हवा, आणि ती एफएम रेडिओच्या पट्ट्याला अगदी खेटून असल्यामुळे एफएम अडवणारा फिल्टर लावला तर तीही कापली जाण्याची शक्यता असते. तिचा नाद सोडलेला बरा. ती एबीसीची वाहिनी आहे आणि एबीसीचे देशव्यापी कार्यक्रम तुम्हाला न्यूयॉर्कच्या ७ वर मिळतील. ईगल्सचे बहुतेक सामने फॉक्स आणि सीबीएसवर असतात, आणि फिलाडेल्फियात ती दोन्ही केंद्रे यूएचएफवर आहेत.

असोसिएशनच्या मनाईबाबत : संघीय दळणवळण आयोगाच्या १९९६ च्या नियमानुसार, जी जागा केवळ तुमच्या मालकीची किंवा वापराची आहे, तेथे स्थानिक टीव्हीचा अँटेना लावण्यास असोसिएशन सरसकट बंदी घालू शकत नाही. सुरक्षिततेच्या वाजवी अटी ती घालू शकते, आणि सामायिक छताला हा नियम लागू होत नाही. म्हणून छत कोणाचे, हे प्रथम करारपत्रात पाहावे. छत सामायिक निघाले, तर तुमची स्वतःची बाल्कनी किंवा मागचे अंगण उरते. पोटमाळ्यावरही अँटेना चालतो, मात्र कौलातून व भिंतींतून काही संकेत हरवतो.

अँटेनासाठी आरजी-६ प्रकारची टीव्ही केबल वापरावी आणि अँटेना बाहेर असेल तर त्याचा खांब व केबल दोन्ही घराच्या अर्थिंगला जोडावीत. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. प्रत्येक दुहेरी स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक संकेत, खातो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच तर तो अँटेनाजवळ असावा, टीव्हीजवळ नव्हे. डिस्कची चिंता नको : एका पूर्ण वाहिनीचा प्रवाह सेकंदाला १९.३९ मेगाबिट असतो, म्हणजे तासाला जास्तीत जास्त पावणेनऊ जीबी. एका टीबीमध्ये ११० तास सहज मावतात, आणि उपवाहिन्या तोच प्रवाह वाटून घेत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक.

पुण्यात हा डीव्हीआर चालणार नाही. त्याचे ट्यूनर अमेरिकी एटीएससी मानकाचे आहेत, तर दूरदर्शनने डिजिटल प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ हे मानक स्वीकारले. गच्चीवरचे अँटेना सिंहगडाकडे रोखण्याचे दिवसही आता गेले असून विनाशुल्क वाहिन्यांसाठी दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या उपग्रह सेवेची तबकडी हाच तेथील सोयीचा मार्ग आहे. रेकॉर्डिंग मात्र सोबत नेता येईल, परंतु काही डीव्हीआरची डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही; तेव्हा हवे ते कार्यक्रम निघण्यापूर्वीच साध्या फाइलच्या रूपात संगणकावर उतरवून, एकदा चालवून पाहावेत.